जेवणानंतर दोन चमचे

नववीच्या वर्गात मी फळ्यावर इंग्रजीत 'टॉनिक' लिहिलं आणि अर्थ विचारला. चाळीस तोंडांतून एकच उत्तर आलं, "बाटली!" मी म्हटलं, बाटली नव्हे, बाटलीत असतं ते. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बाई, आमच्यात बाटलीत दुसरंच असतंय." वर्ग खोखो हसला. हसणं मलाही आवरलं नाही, म्हणून मी फळ्याकडे तोंड करून उगाच तारीख पुसली आणि पुन्हा लिहिली.

मग मी शब्दकोश काढला. तो जाडजूड कोश मला आईने मॅट्रिक झाल्यावर घेऊन दिला होता आणि मी तो रोज शाळेत काखोटीला मारून न्यायची. गरज नसायची, पण हातात काहीतरी असलं की बरं वाटायचं. कोशात टॉनिकचे तीन अर्थ होते. पहिला, ताकद येण्याचं औषध. दुसरा, माणसाला ताजंतवानं करणारी कोणतीही गोष्ट: पहाटेचा वारा, चांगली बातमी, कुणी केलेलं कौतुक. तिसरा अर्थ गाण्यातला, ज्या सुरापासून सप्तक सुरू होतं तो, म्हणजे आपला 'सा'. पहिला अर्थ मुलांना पटला. दुसऱ्याला त्यांनी माना डोलावल्या. तिसरा सांगताना घंटा झाली आणि सगळे पळाले.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते, तेव्हाची ही गोष्ट. मी सांगलीची. विट्याजवळच्या एका खेड्यात नवीन हायस्कूल निघालं होतं, तिथे इंग्रजी शिकवायला आले होते. वय अठ्ठावीस, लग्न झालेलं नाही, आणि होईल असं आता कुणी बोलतही नव्हतं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. सांगलीचं घर भावाचं झालं होतं. सुरुवातीला मी दर शनिवारी तासगाववरून एस.टी.ने घरी जायची. मग महिन्यातून एकदा. मग एकदा तीन महिने गेलेच नाही आणि का आली नाहीस असं कुणी विचारलं नाही. ते मला फार लागलं. लागलं म्हणून मी आणखी जाईनाशी झाले. माझा स्वभाव असा आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं मी आपलं एकटेपण आपणच वाढवून घेतलं.

गाव गलाईवाल्यांचं. जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं, त्याला गलाई म्हणतात. या भागातले पुरुष त्या कामासाठी मुलुखभर पांगलेले, कोण मद्रासकडे तर कोण पार कलकत्त्याला. जे गलाईला गेले नाहीत ते फौजेत. त्यामुळे गावात पुरुष म्हणजे एक तर शाळेत जाणारे, नाही तर पारावर बसणारे. मधल्या वयाचा पुरुष दिसला की तो एस.टी.चा कंडक्टर असणार, असं मी गमतीने म्हणायची. अर्थात मनातल्या मनातच, कारण ऐकायला कोणी नव्हतं.

मी राहायची ते घर नवंकोरं, स्लॅबचं. खाली मोझॅकची फरशी, वर चार खोल्या, चारी खोल्यांना कुलूप. घरमालकीण साठीची विधवा बाई. तिला मी मावशी म्हणायची. तिचा एकुलता एक मुलगा मद्रासच्याही पलीकडे कुठल्याशा शहरात गलाईचं दुकान चालवायचा. बायको, दोन मुलं त्याच्याजवळ. त्याने आईसाठी घर बांधलं आणि आई त्या एवढ्या घरात चुलीच्या खोलीतच झोपायची. पुढची खोली तिने मला दिली ती सोबत म्हणून. पण सोबत काही झाली नाही. मी स्टोव्हवर चहा करून पुस्तक घेऊन बसणारी, ती पहाटे उठून शेण-पाणी करणारी. पहिले तीन-चार महिने आमच्यात "पाणी आलं", "दार लावून घ्या" यापलीकडे शब्द नव्हता. मधे एक भिंत आणि दोन्ही बाजूंना एकेक बाई. तिच्या ताटलीचा आवाज मला यायचा. माझ्या कपबशीचा तिला येत असणार.

गावात इंग्रजी कागद आला की तो इंग्रजीच्या मास्तराकडे न्यायचा, हा रिवाज. तार असो, फौजेच्या पेन्शनचा कागद असो की कोर्टाची नोटीस असो. मी येण्यापूर्वी लोक विट्याला जायचे, आता माझ्याकडे येऊ लागले. तार घेऊन आलेल्या बायका उंबऱ्याबाहेरच उभ्या राहायच्या. मी वाचून "काही नाही, येतोय" म्हटलं की त्या मटकन खाली बसायच्या. मी काही केलेलं नसताना मला दुवा द्यायच्या.

दसऱ्याच्या सुमाराला मावशी एका संध्याकाळी माझ्या दारात आली. ठेवणीतलं लुगडं नेसलेली, मागे शेजारच्या दोघी. हातात टॉवेलात गुंडाळलेलं खोकं.

"बाई, एक काम हुतं. ल्योकाचं पत्र आलंया. वाचून दावता काय?"

मी हात पुढे केला. तिने खोक्यातून आठ घड्यांचा पातळ कागद काढून माझ्या हातावर ठेवला. बारीक छापलेला, इंग्रजी. खोक्यात टॉनिकची बाटली होती. गावाकडे कुणी लग्नाकार्याला यायचा असला की मुलगा त्याच्या हाती आईला बाटली पाठवायचा आणि प्रत्येक बाटलीसोबत औषधाची माहिती असलेला असा कागद असतोच.

"आदी मराठीत लिवायचा," मावशी शेजारणींना सांगत होती. "कार्ड धाडायचा. आता मोठा झाला न्हवं, दुकानात टायपाची मशीन आसंल. आता इंग्रजीतच लिवतोय."

माझ्या ओठांवर आलं होतं, की मावशी, हे पत्र नव्हे. मी तोंडही उघडलं. पण तिने पदर नीट केला होता आणि ती उंबऱ्यावर ऐकायला बसली होती. शेजारणी तिच्याकडे जरा हेव्यानेच पाहत होत्या. त्यांच्यासमोर खरं सांगणं मला जमलं नाही. तेव्हा मी ठरवलं, खोटं बोलायचं नाही, जे छापलंय त्याचंच मराठी करायचं. मी वाचलं, "जेवणानंतर दोन चमचे घे. रोज दोन वेळा. घेण्याआधी बाटली हलव. उन्हात ठेवू नकोस. म्हातारपणी, आजारातून उठल्यावर आणि अशक्तपणात याने फार गुण येतो. भूक लागेल, अंगात शक्ती येईल."

इंग्रजीत घे आणि घ्या एकच असतं, त्यामुळे माझी सोय झाली. एकही शब्द पदरचा घातला नव्हता.

"म्हातारपणी म्हंतोय!" मावशी शेजारणींकडे बघून हसली. "मी कुठं म्हातारी झाले रं बाबा!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दोन चमचं घे आसं त्योच म्हंतोय न्हवं?"

"हो," मी म्हटलं.

एवढंच माझं खोटं. एका अक्षराचं.

दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडून चमच्याचा आवाज येऊ लागला. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. आणि त्या संध्याकाळनंतर मावशी माझ्याशी बोलायला लागली. शाळेतून आले की "च्या टाकलाय, या" म्हणून हाक यायची. मी तिच्या चुलीपुढे पाटावर बसायची. काय बोलायचो ते आज आठवत नाही. शेंगा फोडत बसायचो एवढं आठवतं. मला त्या हाकेची सवय लागली. शाळा सुटायच्या घंटेआधी अर्धा तास माझं लक्ष घड्याळाकडे जायला लागलं, मुलांसारखं.

दुसरी बाटली दिवाळी झाल्यावर आली. कागद तोच. मी पुन्हा तेच वाचलं. मावशीने कपाळाला आठी घातली.

"गेल्या येळीबी ह्येच लिवलं हुतं की."

आता आली का पंचाईत! मी म्हटलं, "तब्येतीचंच लिहिणार ना मावशी. काळजी असते."

"त्ये हायच. पर शब्द तरी दुसरा घालावा माणसानं."

मला शिक्षिकेला तिने बरोबर पकडलं होतं. मुलांच्या निबंधावर लाल शाईने मी हेच लिहायची. त्या दिवसापासून मी अभ्यासाला लागले. कागदावर एक इंग्रजी शब्द होता, इन्व्हिगोरेटिंग. म्हणजे टॉनिकचंच काम, जोर आणणारं, जीवात जीव घालणारं. त्याला मराठीत काय काय म्हणता येईल याची मी एका वहीत यादी करायला घेतली. शक्तिवर्धक, पौष्टिक, बलवर्धक, स्फूर्तिदायक. सगळे जाहिरातीतले शब्द. माणसं बोलताना यातला एकही वापरत नाहीत. मग मी मावशीला विचारायला लागले, तिला कळू न देता. चहा पिताना म्हणायची, "मावशी, हा चहा घेतला की कसं शक्ती आल्यासारखं वाटतं."

"शक्ती कशी यील च्यानं? च्यानं तरतरी येती."

असं करत करत तिने मला शब्द दिले आणि प्रत्येकाची जागा दाखवून दिली. तरतरी चहाने येते आणि घटकाभरात जाते. ताप उतरून माणूस अंथरुणात उठून बसला की हुशारी आली म्हणायचं. तकवा पायात असतो. विहिरीवरून दोन खेपा करून तिसरी करावीशी वाटली तर पायात तकवा आहे. हुरूप दुसऱ्याने द्यायचा असतो, पाठीवर हात ठेवून. टवटवी तोंडावर दिसते आणि ती आपली आपल्याला दिसत नाही, दुसऱ्याने सांगावी लागते. उभारी सगळ्यांत अवघड. "मालक गेल्यावर मी दोन वरसं उभारी धरली न्हवती," ती म्हणाली होती. "मग ल्योक म्हनला, आई, घर बांधायचं. तवा जरा धरली." मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. माझ्या जाडजूड कोशात एवढं नव्हतं.

म्हणून तिसऱ्या कागदात मी वाचलं, "याने अंगात हुशारी येईल, पायात तकवा येईल." मावशी खूश. "बगा, आता कसं आपल्यासारकं लिवलंय!" तिचेच शब्द मी तिला परत देत होते. यातही मी खोटं काही सांगत नाही, अशी मी माझी समजूत घातली होती. कोशात दिलेला अर्थ तोच, शब्द फक्त दुसरा.

माघात चौथी बाटली आली. त्याच दिवशी दुपारी मला भावाचं कार्ड आलं होतं. घरात जागा कमी पडते म्हणून तुझं कपाट माळ्यावर टाकलं आहे, त्यातल्या आईच्या साड्या मोलकरणीला दिल्या, सुट्टीत येणार असशील तर आधी कळव. तीन ओळी. मी ते कार्ड वाचून पर्समध्ये घातलं आणि शेवटचे दोन तास शिकवले. काय शिकवलं कोण जाणे. घरी आले तर मावशी कागद घेऊन दारात उभी. या खेपेला एकटीच होती.

मी वाचलं. दोन चमचे, बाटली हलव, उन्हात ठेवू नको. उभारी येईल, टवटवी येईल. माझी यादी संपली.

"आन् बाकी काय न्हाई?" तिने विचारलं. दर वेळी विचारायची आणि दर वेळी मी "नाही, एवढंच" म्हणायची. त्या दिवशी मी कागदावरून नजर न काढता वाचलं, "आई, तुझी फार आठवण येते. तुझ्या हातचं जेवावंसं वाटतं. इथे मला कुणी जेवलीस का म्हणून विचारत नाही."

जेवलीस असं मी खरंच म्हणाले का जेवलास, हे मला आजही खात्रीने सांगता येणार नाही. मावशीच्या लक्षात आलं नाही एवढं खरं. तिने डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "परत वाचा." मी परत वाचलं. मग आणखी एकदा.

इथवर सगळं निभावलं असतं. पण मावशी म्हणाली, "आठवण येती म्हंतोय, म्हंजी जत्रंला येनार बगा त्यो." आणि ती तयारीला लागली. वरच्या चारी खोल्या उघडल्या. भिंतींना चुना लावून घेतला. सांडगे, कुरडया घातल्या. साऱ्या आळीला सांगितलं, त्याला माझ्या हातचं जेवायचंय. चैत्रातल्या जत्रेला गलाईवाले येतातच, त्यामुळे तो येण्याची शक्यता होती, आणि तीच मला भीती होती. चमचाभर खोटं पुरलं असतं तिथे मी बाटलीभर ओतून बसले होते. आपण होऊन सांगून टाकावं असं मी रोज ठरवायची आणि रोज तिच्या हाकेला "आले" म्हणून चहाला जाऊन बसायची. मला ती हाक घालवायची नव्हती, खरं कारण हेच. तिला दुःख होईल वगैरे मी मनाला सांगितलेलं.

तो आला. बायको-मुलांना न आणता, चार दिवसांसाठी. उंच, अंगाने भरलेला, बोटांवर आम्लाचे डाग. माणूस वाईट नव्हता. आल्या आल्या आईच्या पाया पडला, मलाही "बाई, आईकडं लक्ष असतंय तुमचं, लय बरं वाटलं" म्हणाला.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. सोप्यात आळीतल्या आठ-दहा बायका बसलेल्या. मावशी आत गेली आणि रुमालात बांधलेले चार कागद घेऊन आली. मी कोपऱ्यात होते.

"बाईंनी वाचून दावली समदी," ती मुलाला म्हणाली. "आता तुज्या तोंडानं वाच. त्ये आठवनीचं वाच."

त्याने कागद उलटसुलट केले आणि मोठ्याने हसला. "आगं आई, ही बाटलीची कागदं हायती. औषधाची! मला कुठलं इंग्रजी येतंय?"

बायका हसल्या. एक-दोघी तोंडाला पदर लावून, बाकीच्या उघड. मावशीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग कागद त्याच्या हातून घेतले, होते तशा घड्या घातल्या आणि बायकांना म्हणाली, "हसताय काय? औषधाचा कागुदबी वाचूनच घ्यावा लागतोय. न्हाईतर भलतंच व्हायचं." आणि आत निघून गेली. चारचौघांत तिने मला सांभाळून घेतलं. त्याने मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर पाणी भरत होते. मुलगा तोंड धुवायला आला. जरा घुटमळून म्हणाला, "बाई, मला लिवाय येतंय वो. चौथीपतुर शिकलोय. पर कार्ड घ्यून बसलं की 'आमी खुशाल, तुमची खुशाली कळवा', म्होरं काय सुचतच न्हाई. मग आपली बाटली धाडतो. बाटली धाडली की बोलल्यावानी वाटतंय."

मी म्हटलं, "हे आईला सांगा ना."

"आईला कसं सांगायचं?" असं म्हणून तो लाजला. चौथ्या दिवशी गेला.

मग मीच सांगायला गेले. चुलीपुढे उभी राहिले, कारण पाट मांडलेला नव्हता. म्हटलं, "मावशी, मी चुकले. खोटं वाचलं." ती भाकरी थापत होती. "व्हय," म्हणाली. मी त्याचं नळावरचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आता ह्येबी तुमीच केलंय काय?"

खरं सांगितलं तेव्हा ते खोटं ठरलं. करावे तसे भरावे. माझ्याजवळ पुरावा काहीच नव्हता. मी परत फिरले.

त्यानंतर भिंतीपलीकडून चमच्याचा आवाज यायचा बंद झाला. चहाची हाकही बंद झाली. जत्रेला मुलाने स्वतःच्या हाताने आणलेली बाटली तिने खिडकीत ठेवली, बूच न उघडता, भर उन्हात. मे महिन्याच्या सुट्टीत मी सांगलीला गेले. माळ्यावरून कपाट काढून घेतलं, त्यात आता वर्तमानपत्रांची रद्दी होती. आठव्या दिवशीच परत आले. भावाने "एवढ्यात?" असं विचारलं, ते बरं वाटून की वाईट वाटून, कळलं नाही. गावात उतरले तेव्हा वाटलं, मावशी निदान "आला काय" म्हणेल. ती अंगणात होती. तिने मला पाहिलं आणि सूप घेऊन आत गेली.

तो पावसाळा मला फार जड गेला. मी शाळेत बोलायची तेवढंच बोलणं. रविवारी तर एखाद्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी तोंडातून एकही शब्द काढलेला नसायचा आणि दूधवाल्याशी बोलताना आवाज फाटायचा. मावशी खंगत चालली होती. विहिरीवरून एका खेपेत धापा टाकत यायची. पायात तकवा राहिला नव्हता; शब्द तिचाच, पण तिला म्हणायची मला चोरी. एकदा घागर घ्यायला मी पुढे झाले तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, तुमास्नी शाळा हाय." मग मी शाळेजवळ एक खोली बघितली आणि दसऱ्यानंतर जाते म्हणून सांगून टाकलं. तिने नुसती मान हलवली.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुस्तकं खोक्यात भरत होते. दारात सावली पडली. मावशी होती, रोजच्या लुगड्यात. एका हातात नवी बाटली, दुसऱ्या हातात घडीचा कागद. कुणाच्या तरी हाती आली असणार.

"वाचा," ती म्हणाली. "हाय तेवढंच वाचा. मनाचं घालू नका."

ती उंबऱ्यावर बसली. मी वाचलं. या वेळी सगळंच वाचलं, जे आजवर गाळत होते तेही. एका चमच्यात लोह किती, कुठली जीवनसत्त्वं किती, रंग कसला घातला आहे, लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नये, थंड आणि कोरड्या जागी ठेवावं, मोठ्या माणसांनी जेवणानंतर दोन चमचे. इन्व्हिगोरेटिंगपाशी अडले आणि शक्ती आणणारं एवढंच म्हणून पुढे गेले.

"झालं?"

"झालं."

"आन् त्ये आठवनीचं?"

"ते यात नाही, मावशी."

"कवाच नव्हतं?"

"कधीच नव्हतं."

मग तिने विचारलं, आवाजात राग नव्हता, "मग त्ये कुनी लिवलं हुतं?"

"मी."

"कुनाला?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही. मी पुस्तकांच्या खोक्याकडे पाहिलं. सगळ्यांत वर आईने दिलेला कोश होता. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. म्हटलं, "माझी आई गेली, मावशी. सात वर्षं झाली." वर्षापेक्षा जास्त मी त्या घरात राहत होते आणि हे तिला पहिल्यांदा सांगत होते. त्या गावात कुणालाच सांगितलं नव्हतं.

मावशी उठली. चुलीच्या खोलीत जाऊन चमचा घेऊन आली आणि माझ्यापुढे फरशीवर बसली. बाटलीचं बूच काढणार होती, तेवढ्यात थांबली आणि आधी बाटली चांगली हलवली. मग चमचा भरला, खाली हाताचा तळवा धरून माझ्या तोंडापाशी आणला.

"आ करा."

"अहो मावशी, तुमचं औषध आहे. त्याने तुमच्यासाठी..."

"आ करा म्हंते न्हवं."

मी आ केला. गोड होतं, संत्र्याच्या वासाचं, आणि गिळल्यावर मागे जिभेवर लोखंडाची चव राहिली. मी पदराने तोंड पुसलं आणि म्हटलं, "पुरे आता."

ती दुसरा चमचा भरत होती.

"पुरे कसं? कागदात दोन लिवल्यात न्हवं?"

मी पुन्हा आ केला.